घरातील शिसे : आधी तपासणी कोणाची आणि कशी?

प्रश्न : आमचे घर जुने असून खिडक्यांच्या चौकटींवरील रंगाचे पापुद्रे सुटू लागले आहेत. बाजारात मिळणाऱ्या, शिसे असल्यास रंग बदलणाऱ्या कांडीने मी चौकट तपासली, तेव्हा काही आढळले नाही. दोन वर्षांच्या मुलीच्या केसांच्या तपासणीत मात्र शिसे, पारा आणि कॅडमियम या तिन्हींचे प्रमाण ‘जास्त’ आले आहे. मुलीला कसलाही त्रास दिसत नाही. धातू शरीराबाहेर काढणारी औषधे सुरू करावीत का?

उत्तर : केसांच्या अहवालावरून औषधे मुळीच सुरू करू नयेत. बाहेरची धूळ, पाणी आणि केसांना लावलेली द्रव्ये यांतून येणारे धातू केसांवर चिकटतात आणि ते शरीरातून आलेल्या धातूंपासून खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. शिशासाठी भरवशाची तपासणी रक्ताचीच. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो वाढलेला आल्यास शिरेतून रक्त घेऊन खात्री करून घेतात.

मुलीला त्रास दिसत नाही, यावर मात्र विसंबू नका. शिशाची कमी पातळी लक्षणांवाचून राहते आणि तरीही वाढत्या मेंदूला बाधते. सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी माहीत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीचे संदर्भमूल्य, म्हणजे ज्याच्या वर शिसे इतर बहुतेक मुलांपेक्षा जास्त मानतात तो आकडा, दर डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅमवर आणले, तर जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो बंद करण्यास सांगते. मुलांमध्ये धातू बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार सहसा ४५ मायक्रोग्रॅमपासून पुढे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो, कारण त्या औषधांचे स्वतःचे धोके आहेत. असे औषध आधी देऊन मग लघवी तपासण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही नाकारावा. औषधामुळे निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात.

आता घराकडे वळू. कांडी जिथे टेकवली तेवढेच सांगते, आणि वरचा थर नवा असेल तर खालच्या जुन्या रंगातले शिसे तिला सापडत नाही. त्यामुळे लाकडापर्यंतचे सगळे थर आलेला रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा किंवा क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राने चौकट तपासून घ्यावी. माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती धूळ. खिडकी उघडता-मिटताना दोन रंगवलेले भाग एकमेकांवर घासतात आणि झिजलेला रंग भुकटी होऊन खालच्या खाचेत साचतो. मूल खिडकीला धरून उभे राहते, तेच हात तोंडात घालते, आणि पोटात गेलेल्या शिशातला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक भाग लहान मुलाच्या शरीरात शोषला जातो. ही खाच, खिडकीची कड आणि मूल खेळते ती जमीन येथील मोजलेल्या चौकोनावरून ओले पुसणे फिरवून नमुने घेतात.

नळाचे पाणीही तपासावे. निदान सहा तास नळ न उघडता पहिल्या धारेचे पाणी एका बाटलीत आणि काही मिनिटे वाहू दिल्यावरचे दुसऱ्या बाटलीत घेतले, म्हणजे शिसे नळातून येते की मागच्या वाहिनीतून, याचा अंदाज येतो. उकळल्याने शिसे जात नाही.

अहवाल येईपर्यंत चौकट कोरडी घासू नका. त्याने होते त्याहून कितीतरी जास्त धूळ घरभर पसरेल. मुलीचा पलंग खिडकीपासून दूर न्या, कडा ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्या आणि जेवणाआधी तिचे हात धुवा. घरातील कोणी बॅटरी, धातू वितळवणे किंवा जुना रंग खरवडणे अशा कामावर असेल, तर कामाचे कपडे आणि पादत्राणे घरात आणू नयेत. त्या व्यक्तीच्या आणि घरात कोणी गर्भवती असल्यास तिच्याही रक्ताची तपासणी व्हावी.

पारा आणि कॅडमियम यांच्यासाठी, संपर्काचे ठोस कारण नसेल तर स्वतंत्र तपासण्या करण्याची घाई नको. तसे कारण असल्यास पाऱ्याच्या प्रकारानुसार रक्त किंवा लघवी तपासतात, आणि दीर्घकाळ साठलेले कॅडमियम लघवीत मोजतात.

मुलीच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले, तर उगम बंद केल्यानंतर डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने पुन्हा शिरेतूनच रक्त तपासावे. रक्तातले शिसे निम्मे होण्यास साधारण महिना लागतो. पण हाडांत साठलेले हळूहळू रक्तात परत येत राहते, त्यामुळे पुढची घट संथ असू शकते. आकडा उतरण्याऐवजी वाढला, तर घरातला एखादा उगम राहून गेला आहे असे समजून शोध पुन्हा सुरू करावा.