'ब्लॅक माणूस आधी मरतो' या फॉर्म्युल्याची टर उडवणारे हॉरर कॉमेडी कोणते? 'द ब्लॅकनिंग' नक्की कशावर हसतो?

तुम्ही लिहिलंय की 'द ब्लॅकनिंग' हा सगळ्या ब्लॅक दोस्तमंडळींचा हॉरर कॉमेडी सिनेमा मित्रांबरोबर बघितला, एकदोघं खिदळत होते आणि तुमच्या मात्र अर्धे जोक डोक्यावरून गेले, तर यात नक्की कशाची खेचलीय आणि असे अजून कुठले सिनेमे आहेत. नावं सांगणं सोपं आहे, ती वाटेत येतीलच. खेचलीय कशाची ते सांगायला जरा वेळ लागेल. आणि स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या घालू नका.

आपल्याकडे हॉरर कॉमेडी म्हटलं की पहिला तात्या विंचू डोळ्यासमोर येतो, पण 'झपाटलेला'मधलं हसणं आणि हे हसणं यात फरक आहे. तिथे लक्ष्याची तंतरते म्हणून आपण हसतो. इथे जोक पात्रांवर कमी आणि हॉरर सिनेमा बनवणाऱ्यांच्या सवयींवर जास्त आहे, म्हणजे त्या सवयी माहीत नसतील तर समोर फक्त काही माणसं घाबरून भांडताना दिसतात.

तर सवय अशी. अमेरिकन स्लॅशर म्हणजे मास्कवाला खुनी, जंगलातली केबिन, कॉलेजची पोरंपोरी आणि एकेकाचा नंबर. यात ब्लॅक पात्र बहुतेक वेळा एकच, त्याला ना घर ना दार ना स्वतःची काही गोष्ट, दोन विनोद मारायचे, गोऱ्या मैत्रिणीला धीर द्यायचा आणि मरायचं. 'पहिला मरतो' हे अगदी शब्दशः खरं नाहीये, हे लोक उगाच रेटून सांगतात. १९८०च्या पहिल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये मरायलासुद्धा कुणी ब्लॅक नव्हतं, सगळी कास्टच गोरी. पाचव्या भागात (१९८५) रेजी नावाचा छोटा ब्लॅक पोरगा चक्क शेवटपर्यंत जगतो, पण त्याचा मोठा भाऊ डीमन पत्र्याच्या संडासात बसल्या बसल्या मारला जातो. आठव्यात ज्युलियस नावाचा ब्लॅक बॉक्सर गच्चीवर जेसनला, म्हणजे या मालिकेतल्या मास्कवाल्या खुन्याला, दमेपर्यंत ठोसे मारतो आणि मग जेसन एकच ठोसा लगावतो की मुंडकं उडून खाली. म्हणजे प्रश्न नंबर कितवा याचा नाहीच, तो मेल्यावर कुणाला काही फरक पडतो का याचा आहे.

मला यातलं सगळ्यात खटकणारं उदाहरण स्लॅशरमधलं नाहीच, ते 'द शायनिंग'मधलं (१९८०) आहे. हॅलोरन नावाचा तो हॉटेलचा ब्लॅक कुक, त्या हॉटेलात राहणारं पोरगं संकटात आहे हे त्याला फ्लोरिडात बसून जाणवतं, तिथून विमान पकडतो, मग बर्फाच्या वादळात गाडी हाकत, मग स्नोकॅट (बर्फावर चालणारी गाडी) घेऊन त्या डोंगरावरच्या हॉटेलपर्यंत पोचतो. दिग्दर्शक कुब्रिक हा प्रवास निवांत दाखवतो, आपल्याला वाटतं आला बाबा आता वाचवायला. आणि आत पाऊल टाकून चार हाका मारल्या नाहीत तोच खांबामागून त्या पोराचा पिसाळलेला बाप जॅक येतो, छातीत कुऱ्हाड, खेळ खल्लास. एवढ्या मोठ्या सिनेमात जॅक ज्याला प्रत्यक्ष मारतो असा हा एकच माणूस! स्टीफन किंगच्या कादंबरीत हॅलोरन जगतो बरं का. सिनेमात त्याचा उपयोग एवढाच की बायको-मुलाला पळून जायला त्याची स्नोकॅट मिळाली.

आता यावर जोक कुठून सुरू झाले? माझ्या मते मूळ सिनेमात कमी आणि स्टँडअपमध्ये जास्त आहे. एडी मर्फीचा 'डिलिरियस' (१९८३) यूट्यूबवर तुकड्यातुकड्यात सापडेल, त्यात तो म्हणतो की हे भुताटकीवाले सिनेमे बघून मला कळत नाही गोरे लोक घर सोडून जात का नाहीत. मग तो ब्लॅक जोडपं करून दाखवतो, नवरा घराचं कौतुक करतोय, झुंबर काय, शेजार काय, आणि तेवढ्यात भूत कुजबुजतं की निघा इथून, तर तो तिथल्या तिथे बायकोला म्हणतो, वाईट वाटतं गं, पण राहता येणार नाही. पिक्चर दोन मिनिटांत संपला! जॉर्डन पीलच्या 'गेट आऊट'च्या (२०१७) नावामागे हाच जोक आहे. म्हणजे ही सगळी कॉमेडी मुळात थिएटरात मागच्या रांगेत बसून 'अगं ए बये जाऊ नको तिकडे' म्हणून ओरडणाऱ्या प्रेक्षकाची आहे, फक्त आता त्या प्रेक्षकालाच उचलून पडद्यावर टाकलंय. ही एक गोष्ट पकडलीत की बाकीचं आपोआप उलगडतं.

'स्क्रीम २' (१९९७) इथूनच बघायला घ्या, पूर्ण नाही बघितलात तरी चालेल पण सुरुवात बघाच. एक ब्लॅक जोडपं, जेडा पिंकेट आणि ओमर एप्स, हॉरर सिनेमाच्या प्रीमियरला आलंय. ती वैतागलीय, हे काय गोऱ्या पोरींचं कापाकापीचं पिक्चर दाखवायला आणलंस, आणि हॉररमध्ये आपल्या लोकांना कुठे जागा असते असं लेक्चरच देते त्याला. थिएटरवाल्यांनी प्रमोशन म्हणून सगळ्यांना भुताचे मास्क आणि प्लॅस्टिकचे सुरे फुकट वाटलेत, पब्लिक आधीच चेकाळलेलं. तो टॉयलेटला जातो, तिथेच भोसकला जातो. खुनी त्याचंच जॅकेट चढवून तिच्या शेजारी येऊन बसतो, भर थिएटरात तिच्यावर सुरा चालवतो, ती ओरडते आणि आजूबाजूचे लोक टाळ्या पिटतात कारण त्यांना वाटतं हीपण पब्लिसिटी. ती रक्तबंबाळ होऊन पडद्यासमोर स्टेजवर चढते तेव्हा कुठे हळूहळू हॉल गप्प होतो. ज्या गोष्टीची तक्रार करत आली तीच गोष्ट सिनेमा तिच्यासोबत करतो, तेही पहिल्या पंधरा मिनिटांत. आता ही टीका आहे की टीकेच्या नावाखाली पुन्हा तेच, यावर लोक अजून भांडतात. मला वाटतं दोन्ही आहे, आणि म्हणून तो सीन अजून टोचतो.

यावरच वेयन्स भावंडांनी 'स्केअरी मूव्ही'मध्ये (२०००) कडी केली. रेजिना हॉलची ब्रेंडा 'शेक्सपिअर इन लव्ह' बघायला आलीय, चिप्स खातेय, फोनवर बोलतेय, पडद्याकडे बघून मोठमोठ्याने कॉमेंट्री करतेय, म्हणजे तोच स्टिरिओटाइप, ठरीव साचा, की ब्लॅक लोक थिएटरात गप्प बसत नाहीत. खुनी बिचारा शेजारी सुरा घेऊन बसलाय, पण त्याला संधीच मिळत नाही, कारण वैतागलेलं पब्लिकच तिला भोसकून मोकळं होतं. दोन स्टिरिओटाइप एका झटक्यात एकमेकांवर आपटलेत. आणि दुसऱ्या भागात ब्रेंडा परत हजर, ठणठणीत! बाकी सिनेमा आज बघवत नाही खरं तर, समलिंगी लोकांवरचे जोक तर फारच घाण आहेत, तेव्हा हसलो असू आपण पण आता नाही.

आता तुमचा 'ब्लॅकनिंग'. मूळ २०१८ची एक छोटी क्लिप आहे, थ्रीपीट नावाच्या शिकागोच्या ब्लॅक कॉमेडी ग्रुपची, कॉमेडी सेंट्रल या चॅनलसाठी केलेली. आयडिया एका ओळीची: ब्लॅक माणूस आधी मरतो असा नियम असेल आणि केबिनमध्ये सगळेच ब्लॅक असतील तर खुन्याने सुरुवात कुणापासून करायची? पोस्टरवरसुद्धा तेच आहे, आपण सगळेच काही पहिले मरू शकत नाही. त्या ग्रुपमधला ड्वेन पर्किन्स आणि 'गर्ल्स ट्रिप'वाली ट्रेसी ऑलिव्हर यांनी मिळून त्याचा सिनेमा लिहिला, टिम स्टोरीने डायरेक्ट केला, अमेरिकेत २०२३च्या जूनटीन्थच्या विकेंडला लागला. जूनटीन्थ म्हणजे १९ जून, १८६५ साली त्या दिवशी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामांच्या सुटकेचा हुकूम वाचून दाखवला गेला, २०२१पासून तिकडे त्याची सरकारी सुट्टी असते. सिनेमातली मंडळी हाच सण साजरा करायला केबिनवर जमलीत, हे सुटलं तर पहिला टोमणाच सुटला.

मग तो गेम रूमचा सीन. टेबलावर बोर्ड गेम, मधोमध काळाकुट्ट चेहरा, जाड लालभडक ओठ, आणि तो बोलतो. तो चेहरा उगाच भयानक नाहीये. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून गुलामांची नक्कल करायचे, मिन्स्ट्रल शो म्हणायचे त्याला, नंतर तेच थोबाड खेळण्यांवर, जाहिरातींवर, डब्यांवर छापलं जायचं. म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाला ते बघताक्षणी किळस येते आणि आपल्याला वाटतं काय हे विचित्र बाहुलं. हा गेम प्रश्न विचारतो, उत्तर चुकलं तर मैत्रीण मेली. एक प्रश्न काय, तर 'फ्रेंड्स' मालिकेत पाहुणे म्हणून आलेल्या पाच ब्लॅक कलाकारांची नावं सांगा! दहा सीझन, न्यूयॉर्कसारखं शहर, आणि पाच नावं आठवताना घाम फुटतो. इथे हसायचं होतं तुम्ही :)

पण खरा मसाला पुढे आहे. गेम म्हणतो, तुमच्यातला सगळ्यात जास्त ब्लॅक कोण ते ठरवून त्याला बाहेर पाठवा, बाकीच्यांना सोडतो. झालं, आयुष्यभर 'तू पुरेसा ब्लॅक नाहीस' म्हणून एकमेकांना टोचणारी ही दोस्तमंडळी आता उलट शर्यतीला लागतात, मी कसा कमी ब्लॅक आहे हे सिद्ध करायला. अ‍ॅलिसन म्हणते माझा बाप गोरा आहे, ड्वेन (हे पात्र पर्किन्सनेच केलंय) आपण गे असल्याचा दाखला देतो, आणि क्लिफ्टन, चष्मेवाला, कडेकडेने राहणारा, तो बाँब टाकतो की मी ट्रंपला मत दिलं. दोनदा! खोली एका सेकंदात एकमताने ठरवते, जा बाबा तूच बाहेर. नियमाप्रमाणे तो सगळ्यात कमी ब्लॅक ठरायला हवा, पण राग असा आला की नियम गेला खड्ड्यात. या सीनसाठी मी बाकी सिनेमाच्या सगळ्या चुका माफ करायला तयार आहे, कारण बाहेरचा खुनी जे माप लावतोय तेच माप हे आपापसात आधीपासून लावत होते हे इथे उघडं पडतं. आणि शेवटी कळतं की सगळ्यामागे क्लिफ्टनच आहे, कॉलेजात याच लोकांनी पत्ते खेळताना त्याच्या ब्लॅक असण्याची टिंगल केली होती तो डूख धरून बसलेला. स्टिरिओटाइप गोऱ्यांनी बनवला हे म्हणणं सोपं आहे, आपणही तो वापरतो हे म्हणायला जिगर लागते, तेही कॉमेडीत.

अजून एक जोक मित्रांना विचारून बघा त्यांना तरी कळला का. शेवटी सगळं निस्तरल्यावर आता कुणाला बोलवायचं यावर चर्चा होते. पोलिस? छे, त्यापेक्षा फायर ब्रिगेड बरी. ती येते आणि यांच्यावरच पाण्याचा फवारा सोडते. १९६३ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मोर्च्यातल्या ब्लॅक शाळकरी पोरांवर असेच अग्निशामक दलाचे पाइप सोडले होते, ते फोटो अमेरिकेत सगळ्यांनी पाहिलेत. दोन सेकंदांचा गॅग आहे, पण स्लॅशरची अख्खी बैठकच उलटवतो. नेहमीच्या स्लॅशरमध्ये सकाळी सायरन वाजला की सुटलो. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९६८) ड्वेन जोन्सचा बेन रात्रभर झॉम्बींशी झुंजून एकटाच वाचतो आणि सकाळी मदतीला आलेली गोऱ्यांची टोळीच त्याला झॉम्बी समजून कपाळात गोळी घालते. 'गेट आऊट'च्या शेवटी पोलिसांसारखे लाल-निळे दिवे दिसतात तेव्हाही, आता ब्लॅक हिरोलाच पकडणार म्हणून, पोटात गोळा येतो, आणि गाडीतून हिरोचा दोस्त रॉड उतरतो म्हणून हुश्श होतं. पीलने आधी खरोखरच अटकेचा शेवट शूट केला होता, मग बदलला.

सिनेमा म्हणून 'ब्लॅकनिंग' मला पाचात तीनच. भीती जवळपास शून्य, मास्कवाले खुनी मिळमिळीत, मध्यंतरानंतर पळापळ कंटाळवाणी. टिम स्टोरी हा 'बार्बरशॉप'वाला माणूस, त्याला चार जणांना एका खोलीत कोंडून एकमेकांची उणीदुणी काढायला लावणं झकास जमतं, अंधारात कॅमेरा कुठे ठेवायचा ते नाही. पण ५० लाख डॉलरच्या आसपासच्या बजेटमध्ये केलेला आहे, त्या मानाने बरा.

जाता जाता, 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल' (२०१०) पण बघा. त्यात वंश नाही, गावंढळ गरीब गोऱ्यांचा स्टिरिओटाइप आहे: दोन साधेभोळे दोस्त केबिन दुरुस्त करायला आलेत आणि कॉलेजची पोरं त्यांना खुनी समजून घाबरून स्वतःच एकेक करून मरतात. जोक समजायला काहीही माहीत असायची गरज नाही, त्यामुळे तुमच्या ग्रुपसोबत आधी हाच लावा, मग 'स्क्रीम २'ची सुरुवात, मग 'गेट आऊट', आणि त्यानंतर 'ब्लॅकनिंग' परत एकदा. सबटायटल्स चालू ठेवा, सगळे एकाच वेळी बोलतात. आणि घरच्यांसमोर नको, शिव्या फार आहेत.