नॅचरिझमला 'निसर्गवाद' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की भाषांतर करताना 'नॅचरिझम'ला, म्हणजे एकत्र जमून नग्न राहण्याच्या चळवळीला, 'निसर्गवाद' लिहिलं तर चालेल का. माझं स्पष्ट मत, नको. एकतर निसर्गवाद हा शब्द आपण साहित्यातल्या एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराच्या पंथासाठी कधीच वापरून टाकलाय, आणि त्यात नग्नतेचा मागमूसही नाही, वाचणाऱ्याला वाटेल झाडं लावणाऱ्या लोकांबद्दल चाललंय.

मग आपल्याकडे काय आहे? 'नागडा'त हिणवणं आहे, 'नागवणे' म्हणजे तर सरळ लुबाडणं. 'उघडा' म्हणजे बऱ्याचदा अंगात सदरा नाही एवढंच, म्हणून तर 'उघड्याकडे नागडं गेलं अन् रात्रभर हिवानं मेलं' या म्हणीत दोघं वेगळे आहेत. 'विवस्त्र' पेपरात बहुतेक 'विवस्त्र करून मारहाण' असाच भेटतो, म्हणजे जबरदस्ती आली. 'दिगंबर' मला फार आवडतो, दिशा हेच वस्त्र, पण त्यात वैराग्य आहे आणि ही माणसं तर रविवारी तळ्याकाठी उघड्यावर राहून सोमवारी कपडे घालून कामावर जाणारी. उरला 'नग्न', त्यातल्या त्यात तटस्थ.

जर्मन लोकांनाही शब्द बदलावाच लागला बरं का. १९०० च्या आसपास ते 'नाक्टकुल्टूर' म्हणायचे, सरळ नग्नसंस्कृती. पुढे १९२० च्या दशकात 'फ्रायक्योर्परकुल्टूर' रूढ झाला, म्हणजे मोकळ्या शरीराची संस्कृती, 'नग्न' गेलाच त्यातून. त्याच काळात बर्लिनमध्ये आडोल्फ कोख हा समाजवादी शिक्षक कामगारांच्या मुलांना, नंतर मोठ्यांनाही, नग्न व्यायाम शिकवत होता, कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांना ऊन आणि हवा मिळावी म्हणून. १९३३ मध्ये नाझींनी बंदी घातली, आणि ज्या संघटना टिकल्या त्या राजवटीला चालेल असं शरीरसंवर्धनाचं नाव घेऊन.

इंग्लंडात १९२२ मध्ये निघालेल्या अशाच मंडळानं तर 'जिम्नोसॉफी' शब्द घेतला. ग्रीक लोक भारतातल्या नग्न साधूंना जिम्नोसोफिस्ट म्हणायचे, 'जिम्नोस' म्हणजे नग्न. आपण रोज 'जिमला जातो' म्हणतो त्यातही तोच शब्द आहे!

आणि याच्याही आधी, १८९१ मध्ये, आपल्या ठाण्यात क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज जिल्हा न्यायाधीशानं 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढलं होतं, सभासद तीनच, तो आणि एका मिशनऱ्याची दोन मुलं. त्याची बदली रत्नागिरीला झाली आणि ते संपलं. एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला त्यानं लिहिलेल्या पत्रांमुळे हे आपल्याला कळतं. नावात 'नेकेड' कसा न लाजता घातलाय बघा, मला म्हणूनच ते नाव आवडतं.

१९७४ ला नॅचरिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं नॅचरिझमची जी व्याख्या केली तिच्यात सामूहिक नग्नता आहे आणि स्वतःचा, दुसऱ्याचा, पर्यावरणाचा आदरही आहे. तेव्हा पहिल्यांदा येईल तिथे 'सामूहिक नग्नतेची चळवळ (नॅचरिझम)' लिहा, पुढे नुसतं नॅचरिझम, माणसांना नॅचरिस्ट. १९२० च्या आधीचा जर्मन मजकूर असेल तर मात्र 'नग्नसंस्कृती'च ठेवा, तेव्हा ते लोक स्वतःला तेच म्हणवत होते.