तहानेचे दिवस

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू किडनीबद्दल फार बोललाच नाहीस, बोललास ते पाण्याबद्दल. दिवसाला लिटरभरच, त्यातच चहा नि आमटी धरायची, वर वेंगुर्ल्याचा मे महिना. अंगणात माडाला शहाळी लटकताहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. मला आमचे हे आठवले. त्यांचं डायलिसिस सहा वर्षं चाललं. आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी, चार तास मशीनवर, आणि येताना खिडकीला डोकं टेकून झोप. शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे मी नर्स म्हणून त्यांना शंभरदा सांगितलं असेल. सांगून तहान थोडीच भागते!

म्हणून तहान लागली तर लागली असं मोठ्याने म्हण. त्यात अविश्वास नाही. वधस्तंभावर आपला प्रभूच म्हणाला, "मला तहान लागली आहे." एका दुपारी बर्फाचा खडा चघळताना ह्यांना हे वाक्य सापडलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे त्याला ठाऊक आहे." कुरकुर नंतरही चालूच होती. पण ती आता त्याच्याजवळ करायचे, प्रार्थनेत, माझ्या देखत.

आता ती सभा. तुझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि वर कुणी म्हणालं की विश्वास पुरेसा असता तर मशीन सुटली असती. अगदी हेच एकाने ह्यांनाही ऐकवलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला अजून राग येतो, कारण पवित्रशास्त्र असं बोलत नाही. प्रेषित पौलाने अंगातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली. काटा राहिला, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात आजारी बरे होत होते, तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की सोबती त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून आलो. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल चकार शब्द नाही. आणि तीमथ्याला स्वतःला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे औषधच की ते. तेव्हा डायलिसिसचा एकही दिवस चुकवू नकोस. आपल्या वेंगुर्ल्यात मिशनरी डॉक्टर गोहीन यांच्या काळापासून मिशनच्या दवाखान्यात प्रार्थना करणारेच हात टाके घालत आले.

बरं कर म्हणून मागच तू, रोज माग. याकोबाने सांगितलंय तसं मंडळीच्या वडिलांना बोलाव, तेल लावून प्रार्थना करू दे. देव बरं करतो, हे मी वॉर्डात पाहिलंय. सगळ्यांना करत नाही, तेही पाहिलंय. का, ते मला अजून कळलेलं नाही. फार वाईट दिवस असला तर ८८वं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, तरीही ती प्रार्थनाच आहे.

मग आशा कशाची? तुझ्या हातावरच्या फिस्टुलावर, डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडल्यात तिथे, बोट ठेवून बघ. मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते ना? ह्यांची ती थरथर मी रोज रात्री निजण्याआधी तपासायची. एका पहाटे ती लागली नाही. बाळा, मी त्याच हाताची आशा धरून आहे. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पौल म्हणतो की आपण कण्हतोय ते शरीराच्या मुक्ततेची वाट पाहत, आणि आपल्याबरोबर सारी सृष्टी कण्हतेय. देह इथे टाकून वर उडून जायचं, अशी आशा पुष्कळांनी मनाशी धरलेली असते, आपल्या मंडळीतही. मला ती पुरत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांना खिळ्यांचे व्रण होते, थोमाला त्याने ते दाखवले. शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. आणि रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांसाठी किनाऱ्यावर निखारे फुलवून, वर मासळी ठेवून, त्याने हाक मारली, "या, न्याहारी करा." आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा वास ओळखीचा आहे. मी त्या न्याहारीची वाट पाहतेय, आणि तिथे ह्यांचा हात मला ओळखू येईल.

तोवरचं सांगते. सकाळीच लिटरची बाटली भर आणि दिवसभर त्यातलंच घे. सुकट, लोणचं, पापड बंद. खारट खाल्लं की तहान दुप्पट. लिंबाची फोड जिभेवर फिरव. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा किंवा रक्तासाठी सुई लावू देऊ नकोस, समोर कोणी का असेना. आईची तपासणी झाली की कळव. ती किडनी द्यायला निघालीय म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

मंगळवारी पहाटेच्या गाडीत माझी जागा धर. खिडकीची नको, शेजारची. परतीला खिडकी तुला लागेल.

तुझी,
मावशी