‘कंट्रोलचे लुगडे’ म्हणजे काय?

प्रश्न असा आहे : 1945 सालच्या एका घरगुती पत्रात ‘यंदा कंट्रोलचे लुगडे मिळाले’ असे वाक्य आहे. हे विणीचे नाव आहे की गावाचे, आणि ‘कंट्रोलचे’ हे मराठी म्हणावे का?

विणीचेही नव्हे आणि गावाचेही नव्हे. इरकल, महेश्वरी या नावांच्या पंक्तीत हा शब्द बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचा बराच माल लष्कराकडे वळला, जपानी कापडाची आयात थांबली आणि कापडाचे भाव भडकले. तेव्हा सरकारने 1943 च्या जूनमध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडाचे कमाल भाव ठरवले गेले आणि ते कापडावरच छापणे सक्तीचे झाले. म्हणजे ताग्याची घडी उलगडली की आधी भावाचा शिक्का दिसे, मग काठ. त्या ठरीव भावाने हाती पडलेले लुगडे ते कंट्रोलचे. त्याच दुकानात मागल्या दाराने चढ्या दराने मिळे, ते काळ्या बाजाराचे.

येथे ‘-चे’ हा प्रत्यय ‘रेशनचे गहू’मधल्यासारखा आहे. वस्तू कशाची केली किंवा कोठे झाली हे तो सांगत नाही, ती कोणत्या वाटेने घरात आली ते सांगतो. कागदोपत्री ‘नियंत्रण’ होते. परंतु ‘नियंत्रणाचे लुगडे’ असे कोणी बायकामाणसांत बोलल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. पुढे शब्द भावावरून दुकानावर सरकला आणि नळावर, गिरणीवर जावे तसे लोक ‘कंट्रोलवर’ जाऊ लागले. खेड्यांत स्वस्त धान्याच्या दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, त्याचे मूळ या काळात आहे. शब्दाला विभक्ती लागते, शब्दयोगी अव्यय लागते, मग त्याला परका का म्हणावे?

एक सावधगिरी मात्र हवी. ‘कंट्रोलचे’ म्हणजे जाडेभरडे, खळ धुऊन गेली की जाळीसारखे दिसणारे, हा अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. त्याला 1964 नंतरच्या योजनेचाही हातभार आहे. त्या योजनेत गिरण्यांना धोतरे, साड्या, लाँगक्लॉथ असे साधे कापड ठरीव भावाने काढावे लागे. 1943 चा हुकूम केवळ भरड कापडापुरता नव्हता. गरिबांसाठीचे खास स्वस्त कापड तेव्हा ‘स्टँडर्ड क्लॉथ’ या वेगळ्या नावाने निघत असे. त्यामुळे पत्रातले लुगडे चांगले तलम असणेही शक्य आहे, आणि ‘मिळाले’ या क्रियापदात तक्रारीपेक्षा समाधानच अधिक असावे.