खेळणे कुणालाच न देणारे मूल

“मॅडम, आमचा मुलगा एक वस्तू कुणाला देत नाही. एकुलता एक आहे म्हणून असा आपमतलबी होतोय का?” दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, पण काळजी बहुधा हीच असते. तिचे उत्तर म्हणून मी एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

मुलगा सव्वादोन वर्षांचा होता आणि त्याचा जीव एका पिवळ्या जेसीबीत अडकलेला होता. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी खेळायला आली की आई म्हणे, “दे बघू तिला, शहाणा ना तू?” तो जेसीबी पोटाशी धरून बसे, मग बाबा तो त्याच्या हातातून काढून मुलीला देत आणि घरभर रडारड होई. पुढे पुढे तर दाराची बेल वाजताच तो जेसीबी पलंगाखाली सरकवू लागला. चार भावंडांत वाढला असता तर असा झाला नसता, असे आजींचे ठाम मत होते.

मी बाबांना विचारले, “त्या वेळी मुलीला खेळणं कुणी दिलं?”

ते जरा थांबून म्हणाले, “मी.”

“म्हणजे देण्याचा अनुभव तुम्हाला मिळाला. त्याला काय मिळालं?”

या वयातील मुलांविषयी मला सर्वांत उपयोगी पडलेले संशोधन अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात सीलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले आहे. त्यांच्या 2010 च्या एका अभ्यासात मुलांसमोरच्या मोठ्या माणसाला कधी हाताशी नसलेली वस्तू हवी असे, तर कधी थंडी वाजत असे. त्याची गरज आधी चेहऱ्यातून आणि हावभावांतून, मग शब्दांतून पायरीपायरीने उघड केली जाई. दीड वर्षांची मुले वस्तू उचलून देण्याची साधी मदत सहज करत, पण दुसऱ्याची भावना ओळखून मदत करणे त्यांना अवघड जाई. अडीच वर्षांच्या मुलांना तेही बरेच जमे, मात्र स्वतःची वस्तू देणे त्यांनाही सर्वांत जड जाई. 2013 मध्ये याच गटाने खेळणी आणि खाऊ वाटून घेण्याचा अभ्यास केला, तेव्हा दोन वर्षांची मुले बऱ्याचदा आपणहून देत, तर दीड वर्षांच्या मुलांना समोरच्याने आपली गरज स्पष्ट करून सांगावी लागे. ‘माझं’सारखे शब्द अधिक वापरणारी मुले जास्त वाटून घेत, असेही त्यात दिसले. जेसीबी कवटाळून “माझं!” असे ओरडणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना हे ऐकवले की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्राउनेल यांच्या गटाच्या आणखी एका अभ्यासाने मात्र माझ्या कामाला दिशा दिली. आईवडील मुलांना चित्रांचे पुस्तक दाखवताना भावनांविषयी कसे बोलतात, हे त्यांनी पाहिले. जे पालक मुलालाच भावना ओळखायला आणि तिचे कारण सांगायला प्रवृत्त करत, त्यांची मुले अधिक मदत करत आणि वाटून घेत. पालकांनी स्वतः भावनांविषयी किती सांगितले, याचा तसा संबंध दिसला नाही. हा सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळल्या, पण एकीमुळेच दुसरी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही, हे मी पालकांना आवर्जून सांगते. तरीही मूल उपदेशातून नव्हे, तर विचारले गेल्यामुळे दुसऱ्याच्या मनाकडे वळते, ही माझी धारणा त्या वाचनाने पक्की झाली.

म्हणून पुढच्या भेटीत मी आईच्या हातात एक चित्रांचे पुस्तक दिले. “बघ, ही रडतेय, कारण तिचा बॉल हरवला. आपण कुणाला रडवायचं नाही, हो ना?” प्रश्न, उत्तर आणि तात्पर्य, सारे आईचेच. मी म्हटले, “आता फक्त विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.”

“ही का रडतेय रे?” मुलगा चित्राकडे पाहत राहिला. आईचे ओठ दोनदा हलले. मी हातानेच तिला थांबवले. बऱ्याच वेळाने त्याने चित्रातल्या मुलीच्या गालावर बोट ठेवले आणि म्हणाला, “बॉल... गेला.” मग आपणहून पान उलटून तो बॉल शोधू लागला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. त्या बोटातच मला या मुलाची दुसऱ्याकडे जाणारी वाट दिसली, आणि ती वेळेवर ओळखता आली याचे मला आजही समाधान आहे.

घरासाठी आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. पाहुणे येण्याआधी त्यानेच ठरवायचे की कोणते खेळणे कपाटात जाईल. ते कुणीही मागायचे नाही आणि कुणीही काढून घ्यायचे नाही. दुसरे, “दे” म्हणण्याऐवजी “तिच्याकडे बघ, तिला काय हवंय?” असे विचारून थांबायचे, आणि त्याने नाही दिले तरी रागवायचे नाही. आजींना हे लाड वाटले. त्यांना पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. काही आठवड्यांनी आईने कळवले, की शेजारची मुलगी रडवेली झाली तेव्हा त्याने तिला ट्रॅक्टरची सुटलेली ट्रॉली नेऊन दिली. जेसीबी दिला नाही, आणि मी आईला सांगितले की तो त्याने इतक्यात द्यावा अशी अपेक्षाही ठेवू नका.

एक मात्र वेगळे ठेवावे. दोन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा आवडलेली वस्तू बोट करून दाखवत नसेल, तर तो वाटून घेण्याचा प्रश्न नव्हे. अशा वेळी वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यावी.