स्वॅप काढले आणि सर्व्हर उठेना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या सेंटओएस ७ (लिनक्स) सर्व्हरवर रूटची, म्हणजे मुख्य फाइलसिस्टमची, जागा भरत आली होती. एलव्हीएममध्ये (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारी व्यवस्था) ४ जीबीचे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) होते. ते बंद करून व्हॉल्यूम पुसला, ती जागा रूटला जोडली आणि पुढे स्वॅपसाठी फाइल बनवली. एफस्टॅबमधली (बूट होताना काय काय जोडायचे त्याची यादी) जुनी ओळ काढून नवी टाकली. अकरा दिवस काही कुरकुर नाही. काल कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून रीबूट केले, तर दोन-तीन मिनिटे थांबून ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’च्या ओळींचा पाऊस आणि शेवटी ‘ड्रॅकट’ प्रॉम्प्ट. जुना कर्नल निवडला तरी तेच. डिस्क गेली का? बॅकअप आठवड्यापूर्वीचा आहे.

उत्तर : डिस्क शाबूत आहे, बॅकअप तूर्त कपाटातच राहू द्या. जुन्या कर्नलनेही तेच केले, हे तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. अपडेटवरचा संशय तिथेच मिटला.

तुमच्या मशीनवर स्वॅपचे नाव दोन ठिकाणी लिहिलेले होते. एक एफस्टॅब, ते तुम्ही नीट केले. दुसरे ग्रबमधली, म्हणजे बूट होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅममधली, कर्नलची ओळ. इन्स्टॉलरने तिथे ‘आरडी.एलव्हीएम.एलव्ही=सेंटओएस/रूट’ लिहिले आणि त्याला चिकटूनच ‘सेंटओएस/स्वॅप’चीही तशीच नोंद केली. रूट माउंट होण्याआधी काम करते ते ड्रॅकट, आणि ते या यादीतले प्रत्येक नाव हजर होईपर्यंत दारातच बसून राहते. तुमचा एफस्टॅब कितीही चोख असो, तो रूटवर आहे. तिथवर गाडी पोचलेलीच नाही. अकरा दिवस काही जाणवले नाही, कारण ही ओळ फक्त बूट होताना वाचली जाते.

खात्री करायची तर त्या प्रॉम्प्टवर ‘एलव्हीएम एलव्हीस्कॅन’ चालवा. रूट दिसेल, स्वॅप दिसणार नाही.

आता रीबूट करून ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीतून स्वॅपची ती नोंद काढा, ‘रिझ्यूम=’ असेल तर तेही काढा. रूटची नोंद मात्र शेजारीच असते, तिला धक्का लावू नका. कंट्रोल-एक्स दाबले की मशीन उठेल. हा बदल एवढ्या एका बूटपुरताच असतो. म्हणून लॉगिन झाल्यावर ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्येही तीच काटछाट करा आणि ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ चालवा; ग्रब बूट होताना वाचतो ती ‘ग्रब.सीएफजी’ फाइल त्याने नव्याने लिहिली जाते.

इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. मशीन यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) असेल तर खरी ‘ग्रब.सीएफजी’ ईएफआय पार्टिशनमध्ये ‘ईएफआय/सेंटओएस’खाली असते. मी सवयीने ‘बूट/ग्रब२’मध्ये लिहिली, कमांडने निमूटपणे ‘डन’ म्हटले आणि पुढच्या रीबूटला पुन्हा तोच प्रॉम्प्ट. रात्री दीड वाजता. तेव्हा ‘सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी आहे का ते आधी पाहा. असेल तर मशीन यूईएफआयने उठले आहे.

स्वॅप फाइलबद्दल तुम्ही फारसे लिहिले नाही. ती ‘एफअलोकेट’ने (काही न लिहिता नुसती जागा राखून ठेवणारी कमांड) बनवली असेल आणि फाइलसिस्टम एक्सएफएस असेल, तर सेंटओएस ७ वर ‘स्वॅपऑन’ तिच्यात ‘होल्स’ (न लिहिलेल्या रिकाम्या जागा) आहेत म्हणून नकार देते. तसे असेल तर ‘डीडी’ने शून्ये भरून नवी करा, परवानगी ६०० ठेवा, मग ‘एमकेस्वॅप’. नसेल तर प्रश्नच नाही.

सगळे झाले की ‘फ्री’ कमांडमध्ये स्वॅपच्या ओळीत शून्य नाही ना ते बघा आणि कन्सोलसमोरून उठायच्या आत आणखी एकदा रीबूट करा.