उन्हाळ्यात बागेतल्या आणि रानातल्या फुलपाखरांची, पतंगांची नोंद कशी ठेवावी?

बागेपासून सुरुवात करा, आणि फुलांआधी पानं बघा. कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर ती बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. तगर-कण्हेरीवरच्या जाड हिरव्या अळीच्या पुढच्या भागावर दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके दिसले, तर ती ऑलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची. अळी कोणत्या झाडावर होती हे जरूर लिहा. नुसत्या फोटोपेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची.

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या रानात ओढ्याच्या उरलेल्या ओलीशी थांबा. सकाळी ऊन चढलं की फुलपाखरं, बहुतेक नरच, चिखलातले क्षार शोषायला येतात आणि निवांत मोजता येतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही तिथे भेटू शकतं.

पतंगांसाठी रात्री पांढरी चादर टांगून समोर दिवा लावायचा. चांदण्या रात्री कमी येतात. वळवाच्या पावसानंतरची दमट, अंधारी रात्र उत्तम. उजाडण्याआधी दिवा बंद करून चादर हलकेच झटकाच, नाहीतर सकाळी बुलबुल आणि कोतवाल सगळे टिपून नेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

तारीख, वेळ, जागा, संख्या त्याच दिवशी वहीत लिहा. पंखांच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ओळख पटवायला जाणकार मदत करतात.